मोजून दिलं, मोजून घेतलं

इसवी सनापूर्वी ५३८ च्या सुमाराची गोष्ट. बॅबिलॉनच्या राजभांडारातून काही भांडी बाहेर काढली गेली आणि एकेक करून मोजली गेली. मोजून देणारा होता मिथ्रदाथ, पर्शियन सम्राटाचा खजिनदार. मोजून घेणारा होता शेशबस्सर, बंदिवासातल्या यहूदी लोकांचा सरदार. सोन्याची तबकं ३०. चांदीची तबकं १०००. सुऱ्या २९. सोन्याचे कटोरे ३०. चांदीचे, दुसऱ्या प्रतीचे कटोरे ४१०. इतर पात्रं १०००. बायबलमधल्या ‘एज्रा’ या छोट्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ही यादी आहे. ही भांडी पन्नासएक वर्षांपूर्वी यरुशलेमच्या मंदिरातून लुटून नेलेली होती.

एका लोकसमूहाचा पुनर्जन्म सांगणाऱ्या पुस्तकाने आरंभीच भांड्यांची यादी द्यावी, याचं पहिल्या वाचनात आश्चर्य वाटतं. पुढे वाचत गेलं की कळतं, यादी हाच या कथेचा कणा आहे. लूट झाली ती यादीने नोंदवली गेली, भांडी परत आली ती यादीने, आणि पुढे कुणी हक्क विचारला तेव्हा उत्तरही लेखी नोंदीनेच दिलं.

या यादीतली एक अडचण सुरुवातीलाच सांगायला हवी. वरच्या आकड्यांची बेरीज २४९९ होते, पण हिब्रू ग्रंथ शेवटी एकूण ५४०० सांगतो. ग्रीक भाषेत टिकून राहिलेल्या ‘पहिलं एस्द्रास’ या ग्रंथात हीच यादी वेगळ्या आकड्यांनी येते. तिथे एकूण ५४६९ आहे आणि बेरीज तंतोतंत जुळते. हिब्रू प्रती उतरवताना मध्येच काही मजकूर गळला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मला यात मोलाची वाटते ती नक्कलकारांची निष्ठा. न जुळणारी बेरीज दुरुस्त करण्याचा मोह त्यांना पिढ्यानपिढ्या झाला नसेल का? तरी त्यांनी समोर होतं तेच उतरवलं.

मूर्ती नसलेलं मंदिर

त्या काळच्या पश्चिम आशियात लढाई जिंकली की जेते हरलेल्यांचा देव उचलून नेत. बॅबिलॉनच्या मर्दुक देवाची मूर्तीसुद्धा हित्ती, एलामी आणि असीरियन राजांनी वेगवेगळ्या काळी नेली होती. देवाची मूर्ती शत्रूच्या देवळात बंदी झाली म्हणजे त्या देशाचं दैवच हरलं, असं सर्वांना वाटे. मूर्ती परत आली की तो देश पुन्हा उभा राही.

यरुशलेममध्ये न्यायला मूर्तीच नव्हती. शलमोन राजाने बांधलेल्या मंदिराच्या गाभाऱ्यात कराराची पेटी होती, बाहेरच्या दालनात सोन्याचे दहा दीपवृक्ष, भाकरी अर्पण करायचं मेज आणि धूपवेदी, आणि अंगणात होमबलीची मोठी वेदी. उपासनेचं प्रत्येक काम भांड्यांतून चाले. रक्त शिंपडण्याचे कटोरे, राख उचलण्याची फावडी, वाती कापण्याच्या कात्र्या, धूपपात्रं. हात लागायचा तो भांड्यांना, डोळ्यांना दिसायची तीही भांडीच. म्हणून शत्रूलाही मूर्तीच्या जागी भांडीच न्यावी लागली. मवाबचा राजा मेशा याने इसवी सनापूर्वी नवव्या शतकात कोरून घेतलेल्या शिलालेखात नबो गावातून इस्रायलच्या यहोवा देवाची पात्रं ओढून आपल्या कमोश देवापुढे आणल्याचा उल्लेख आहे, असं बहुतेक अभ्यासक वाचतात. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे प्रकाशात आलेला तो काळा दगड आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

ब्रिटिश अभ्यासक पीटर ॲक्रॉइड यांनी १९७२ साली मंदिरातल्या पात्रांवर एक निबंध लिहिला. बंदिवासाच्या आधीचं मंदिर आणि नंतरचं मंदिर यांना जोडणारा धागा म्हणजे ही पात्रं, असं त्यांनी दाखवून दिलं. नवी इमारत बांधता येते, पण ती जुन्याच मंदिराची वारस आहे हे पटवायला जुन्या मंदिरातलं काहीतरी हातात असावं लागतं.

लूट, दोन वेळा आणि आणखी

बॅबिलॉनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम पहिल्यांदा घेतलं ते इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये. या घटनेला बायबलबाहेरचा पुरावा आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या बॅबिलोनी बखरीच्या एका मातीच्या पाटीवर राजाच्या सातव्या वर्षातल्या अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचं नगर घेतल्याची, तिथला राजा पकडून आपल्या पसंतीचा राजा नेमल्याची आणि जबर खंडणी बॅबिलॉनला नेल्याची नोंद आहे. तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, कारागीर असे सगळे बंदी होऊन गेले आणि त्यांच्याबरोबर मंदिराचा खजिनाही. ‘दानिएल’ या पुस्तकात त्याही आधी, यहोयाकीम राजाच्या काळात, काही पात्रं नेल्याचं म्हटलं आहे.

नेलेली भांडी कधी परत येणार, यावरून ५९४ च्या सुमारास यरुशलेममध्ये दोन संदेष्ट्यांची जाहीर गाठ पडली. हनन्या लोकांना सांगत होता की दोन वर्षांच्या आत भांडी परत येतील आणि राजाही येईल. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत होता. त्याचं म्हणणं होतं की गेलेली भांडी इतक्यात येणार नाहीत, उलट राहिलेलीही जातील आणि देव त्यांची आठवण करील तोवर तिथेच राहतील. हनन्याने ते जू मोडून टाकलं. लोकांना ऐकायचं होतं ते हनन्या सांगत होता आणि खरं काय ते यिर्मया सांगत होता. भांडी परत यावीत असं यिर्मयालाही मनापासून वाटत होतं, हे त्याच्या उत्तरातून स्पष्ट दिसतं. तरी त्याने खोटी मुदत दिली नाही. धीर द्यायचा म्हणून तारीख सांगणारे प्रत्येक काळात असतात. यिर्मयाचा मोठेपणा असा की लोकांचा रोष पत्करूनही त्याने तसं केलं नाही.

५८६ मध्ये शहर पडलं, मंदिर जळलं. (काही अभ्यासक हे वर्ष ५८७ धरतात.) दारातले याखीन आणि बवाज नावाचे सुमारे आठ मीटर उंचीचे पितळी खांब आणि ‘समुद्र’ म्हणून ओळखलं जाणारं भलंमोठं पितळी कुंड फोडून त्यांचे तुकडे नेले. जे उचलण्याजोगं होतं ते तसंच नेलं. खांब धातू म्हणून गेले आणि कटोरे कटोरे म्हणूनच गेले, या फरकावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

मातीच्या पाट्यांचं दप्तर

पन्नास वर्षं सोनं वितळवलं कसं गेलं नाही? उत्तर बॅबिलॉनच्या कारभारात आहे. लुटीतला देवाचा वाटा देवळाच्या भांडारात जमा होई आणि जमा झालेल्या वस्तूची मातीच्या पाटीवर नोंद होई. सिप्पार इथे सापडलेली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली अशीच एक छोटी पाटी २००७ साली व्हिएन्नाचे अभ्यासक मिखाएल युर्सा यांनी वाचली. नबुखद्नेस्सरच्या दहाव्या वर्षातली, म्हणजे इसवी सनापूर्वी ५९५ मधली ही पोचपावती आहे. नाबू-शर्रुस्सु-उकीन नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याने दीड मिना, म्हणजे सुमारे पाऊण किलो सोनं मर्दुकाच्या एसागिला देवळात पाठवल्याचं ती सांगते. यरुशलेम पडलं तेव्हा वेशीत येऊन बसलेल्या बॅबिलोनी सरदारांची नावं यिर्मयाच्या पुस्तकात आहेत. त्यांतलं एक नाव याच माणसाचं असावं, असं युर्सा यांनी दाखवलं. हे सोनं कुठून आलं ते पाटी सांगत नाही. मात्र एसागिलात येणारी प्रत्येक गुंज कुणाच्या हातून आली हे लिहून ठेवणारे लोक तिथे होते, एवढं निश्चित कळतं.

याच दप्तराने बंदिवान राजाचीही नोंद ठेवली. रॉबर्ट कोल्डेवाय यांच्या उत्खननात बॅबिलॉनच्या राजवाड्यात सापडलेल्या आणि १९३९ साली एर्न्स्ट वाइडनर यांनी प्रसिद्ध केलेल्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याचा हिशेब आहे. सामान्य बंदिवानांचंही आयुष्य अशाच पाट्यांतून दिसतं. ‘अल-याहुदू’, म्हणजे यहूदाचं गाव, नावाच्या बॅबिलोनियातल्या वस्तीतल्या पाट्या २०१४ साली लॉरी पिअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी प्रसिद्ध केल्या. त्यांतली सर्वांत जुनी ५७२ सालची आहे. शेती, कर्ज, खंड, करार असा सगळा संसार तिथे आहे. माणसं परक्या मातीत रुजत होती आणि त्यांच्या मंदिरातली भांडी परक्या देवाच्या भांडारात पडून होती.

या भांड्यांचा एकदाच अपमान झाला, असं ‘दानिएल’ सांगतं. बॅबिलॉनच्या बेलशस्सर राजाने मेजवानीत ती मागवली, त्यांतून मद्य प्यायलं गेलं आणि भिंतीवर हाताची बोटं लिहिताना दिसली. रेम्ब्रांने सतराव्या शतकात काढलेलं या प्रसंगाचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. बेलशस्सर खरोखर होऊन गेला, पण तो नबोनिदस राजाचा मुलगा होता आणि बाप अरबस्तानात असताना कारभार पाहत होता, हे एकोणिसाव्या शतकात पाट्या वाचल्यावर कळलं. ज्यू धर्मपंडितांनी तालमुदमध्ये या कथेला आणखी एक पदर जोडला. यिर्मयाने सांगितलेली बंदिवासाची सत्तर वर्षं बेलशस्सरने चुकीच्या वर्षापासून मोजली. मुदत संपली, आता हे लोक सुटत नाहीत, असं वाटून त्याने भांडी बाहेर काढली. भांड्यांच्या या कथेत हिशेब चुकणाऱ्याला क्षमा नाही.

सायरसचं राज्य आणि एक कागद

५३९ च्या ऑक्टोबरात पर्शियाचा सायरस, बायबलमधला कोरेश, बॅबिलॉनमध्ये शिरला. त्याच्या नावाचा मातीचा सिलिंडर १८७९ साली होर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननात मिळाला. मुंबईकरांनी तो पाहिला आहे. डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडला होता. पर्शियाचा वारसा सांगणारे पारशी आणि यरुशलेमचा वारसा सांगणारे बेने इस्रायली ज्या शहरात शतकांपासून शेजारी आहेत, त्या शहरात तो यावा हे फार उचित होतं.

या सिलिंडरवर यहूदाचं किंवा यरुशलेमचं नाव नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्यात नावं आहेत ती मेसोपोटेमिया आणि तैग्रिसपलीकडच्या प्रदेशातल्या नगरांची. तिथले देव त्यांच्या जागी परत नेऊन बसवले आणि माणसंही परत पाठवली, असं सायरस म्हणतो. नबोनिदसची बखर याला दुजोरा देते. नबोनिदसने बॅबिलॉनमध्ये गोळा केलेले देव किस्लिमूपासून अदारपर्यंतच्या महिन्यांत आपापल्या गावी परत गेले, असं ती सांगते. म्हणजे देव परत पाठवणं हा नव्या राज्याचा चालू कारभार होता. यहूद्यांकडे मूर्ती नव्हती, म्हणून त्यांना भांडी मिळाली. पराभूत देवांना घरी जाऊ देणारा राजा लोकांना आपला वाटतो, हे सायरसला समजलं होतं. त्यात राजकारण होतं म्हणून भांडी हातात पडण्याचं मोल कमी होत नाही.

शेशबस्सरने भांडी नेली आणि तो इतिहासातून जवळजवळ नाहीसा झाला. मंदिराचं काम रखडलं. ५२० च्या सुमारास हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांच्या प्रेरणेने यहूदाचा अधिकारी जरुब्बाबेल आणि मुख्य याजक येशूवा यांनी ते पुन्हा हाती घेतलं, तेव्हा फरात नदीच्या पलीकडच्या प्रांताचा अधिकारी तत्तनइ चौकशीला आला. तुम्हाला परवानगी कुणी दिली? वडीलधाऱ्यांनी सांगितलं की कोरेश राजाने भांडी शेशबस्सरच्या हवाली केली आणि मंदिर बांधायला सांगितलं. तत्तनइने काम थांबवलं नाही. त्याने पर्शियाच्या दारयावेश राजाला पत्र लिहून खरं-खोटं तपासायची विनंती केली. हा तत्तनइ नुसता कथेतला नाही. ५०२ सालच्या एका बॅबिलोनी पाटीवर त्याचं नाव त्याच हुद्द्यासह आढळतं.

शोध बॅबिलॉनच्या दप्तरखान्यात सुरू झाला. कागद सापडला तो मात्र तिथे नाही, शेकडो किलोमीटर दूर मेदिया प्रांतातल्या एक्बताना इथे, म्हणजे आजच्या इराणमधल्या हमदानला. त्या टिपणात मंदिराची मापं होती, खर्च राजाच्या तिजोरीतून द्यावा असं होतं आणि नबुखद्नेस्सरने नेलेली सोन्या-चांदीची पात्रं परत करून जिथली तिथे ठेवावीत, असंही होतं. एवढ्या एका कागदावर काम पुढे चाललं. दारयावेशच्या सहाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ५१५ मध्ये, दुसरं मंदिर पूर्ण झालं.

एज्राचा काटा

यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. परंपरेने ४५८ मानल्या जाणाऱ्या वर्षी एज्रा हा शास्त्री बॅबिलॉनहून निघाला. त्याच्याबरोबर मंदिरासाठी पर्शियन राजाने, दरबाऱ्यांनी आणि तिथेच राहिलेल्या यहूद्यांनी दिलेलं दान होतं. चांदी ६५० तालांत, चांदीची पात्रं १०० तालांत, सोनं १०० तालांत, सोन्याचे २० कटोरे आणि सोन्याइतकी मोलाची दोन झळझळीत पितळी भांडी. एक तालांत सुमारे ३० किलो धरला तर नुसती चांदीच १९ टनांहून जास्त भरते. हे आकडे फुगलेले आहेत, असं अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि ती शंका रास्त आहे.

मात्र आकड्यांपेक्षा एज्राची पद्धत पाहण्यासारखी आहे. राजाकडे सैनिक मागायची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव आमचं रक्षण करतो असं तो राजाला सांगून बसला होता. त्याने अहवा नदीकाठी उपास केला. मग मुख्य याजकांतले बारा जण निवडून सगळं त्यांच्यासमोर तोललं, त्यांच्या हवाली केलं आणि यरुशलेममध्ये पुन्हा तोलून देईपर्यंत जपायला सांगितलं. प्रवास चार महिन्यांचा. पोचल्यावर तीन दिवस विश्रांती आणि चौथ्या दिवशी मंदिरात मरेमोथ याजकापुढे पुन्हा वजन झालं. नग आणि वजन दोन्ही जुळले आणि सगळं त्याच वेळी लिहून ठेवलं. देवावर इतका विश्वास असलेल्या माणसाने काटा बरोबर नेला. दोन्हीकडे तोललं म्हणून त्या बारा जणांच्या प्रामाणिकपणावर कुणाला कधी बोट ठेवता आलं नाही. विश्वासू माणसाला लेखी हिशेबाचा आधार देणं हाच त्याचा खरा मान आहे.

जे परत आलं नाही

कराराची पेटी परत आल्याच्या यादीत नाही. नेलेल्या वस्तूंच्या यादीतही ती नाही. दुसऱ्या मंदिराचा गाभारा रिकामाच राहिला. मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात तिथे जमिनीपासून तीन बोटं उंच असलेल्या एका शिळेचा उल्लेख येतो, मुख्य याजक प्रायश्चित्ताच्या दिवशी धूपपात्र तिच्यावर ठेवी. पितळी खांब आणि कुंड यांचंही पुढे नाव नाही. पेटीची कधी दुसरी प्रत केली गेली नाही. गेलेल्या गोष्टीची जागा रिकामी ठेवण्याचं धैर्य त्या लोकांनी दाखवलं.

भांड्यांसाठी झुरणं यरुशलेमपुरतं नव्हतं. इजिप्तमध्ये अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर यहूदी शिपायांची वस्ती होती आणि त्यांचं स्वतःचं मंदिर होतं. ४१० मध्ये ते उद्ध्वस्त झालं. ४०७ मध्ये त्यांनी यहूदाचा अधिकारी बगोही याला लिहिलेल्या अर्जात दगडी दरवाजे, देवदाराचं छप्पर यांच्या नुकसानीबरोबरच सोन्या-चांदीचे कटोरे लुबाडल्याची तक्रार आहे. हा अर्ज पपायरसवर आजही वाचता येतो.

यरुशलेमची पात्रं पुन्हा गेली. इसवी सनापूर्वी १६९ मध्ये ग्रीक राजा अँटायोकस चौथा याने मंदिर लुटलं आणि नंतर त्याच्याविरुद्ध बंड करणाऱ्या यहूदी मक्काबींनी नवी पात्रं घडवली. बेने इस्रायलींचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचे पूर्वज याच अँटायोकसच्या काळात मायदेश सोडून निघाले असावेत, असा तर्क मांडला होता. नवगावजवळ फुटलेल्या गलबताची आठवण सांगणाऱ्या कोकणातल्या या समाजात मंदिराच्या विनाशाचा उपास, आव महिन्याच्या नवमीचा, ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई, कारण या उपासाशी बिरडं खायची रीत जोडलेली होती. यरुशलेमचं दुःख कोकणच्या वालात मिसळलं आणि टिकलं.

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने दुसरं मंदिरही जाळलं. रोममधल्या त्याच्या कमानीवर सात शाखांचा दीपवृक्ष, भाकरीचं मेज आणि कर्णे खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक कोरलेले आहेत. ४५५ मध्ये वँडलांनी रोम लुटलं आणि यहूद्यांचा ऐवज कार्थेजला गेला. ५३४ मध्ये वँडलांना हरवणाऱ्या सेनापती बेलिसारियसच्या विजयमिरवणुकीत तो कॉन्स्टंटिनोपलला दिसला आणि सम्राट जस्टिनियनने तो यरुशलेममधल्या ख्रिस्ती देवळांकडे पाठवला, असं इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. पुढचा माग लागत नाही. या वेळी मोजून देणारा मिथ्रदाथ नव्हता आणि मोजून घेणारा शेशबस्सरही नव्हता.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मला आजच्या कामाचा वाटतो. पराक्रमाने भांडी परत आणता आली नाहीत, ती नोंदीने आली. आणि ती नोंद वाचली, कारण तिची प्रत दुसऱ्या गावी होती. आपल्या देशातही हेच घडलं आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० च्या दशकापासून दक्षिणेतल्या देवळांतल्या मूर्तींची छायाचित्रं काढून ठेवली. चोरून परदेशात विकलेल्या कित्येक मूर्ती त्या छायाचित्रांवरून ओळखता आल्या आणि त्यांतल्या काही परत आल्या. म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावचं देऊळ असो, दर्गा, चर्च किंवा सिनेगॉग असो, तिथल्या जुन्या समया, पालख्या, तबकं, पेले यांची यादी आहे का, हे विश्वस्तांना विचारा. नसेल तर या वर्षी ती करा. नग, वजन, माप, कोरलेलं नाव आणि छायाचित्र, सगळं तिच्यात असू द्या. आणि तिची एक प्रत त्या जागेबाहेर, दुसऱ्या गावी ठेवा.